गळ्यापासून खाली विणायचा बारीक लोकरीचा, रंगीत नक्षीचा स्वेटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या घरी रविवारी दुपारी पाच-सहा जणी आणि एक निवृत्त इंजिनीअर काका विणायला बसतात. बैठक दोन तासांची, प्रश्न मात्र आठवडाभर चालू असतात. फोनवर येतात, जिन्यात येतात, एकदा तर भाजीवाल्यासमोर उभ्या उभ्या आले. तेच ते पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. सुलट-उलट, टाके घालणं आणि बंद करणं येतं असं धरलं आहे. हिशेबासाठी सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय: छाती ३८ इंच आणि १० सेंटिमीटरला २८ टाके.

१. ताई, ठाण्यात स्वेटर विणायचा? घालणार कधी?

आपली थंडी डिसेंबर सरता सरता येते आणि संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत निघून जाते, हे मान्य. म्हणूनच तर बारीक लोकर. जाड स्वेटर इथे कपाटातच म्हातारा होतो. बारीक लोकरीचा मात्र पहाटे उपवन तलावाला फेरी मारताना चालतो, एसी लोकलमध्ये चालतो, आणि ज्या ऑफिसात एसी अठरावर ठेवून सगळे शाली गुंडाळून बसतात तिथे तर बारा महिने चालतो. शिवाय प्रत्येक सोसायटीत कोणाचा तरी मुलगा टोरांटोला नाहीतर म्युनिकला असतोच.

२. गळ्यापासून खाली म्हणजे नेमकं कसं? माझी आई तर खालच्या बॉर्डरपासून सुरू करायची.

आपल्या आया पाठ वेगळी, पोट वेगळं, बाह्या वेगळ्या विणायच्या आणि शेवटी शिवायच्या. इथे टाके गळ्याशी घालायचे, गोल जोडायचे आणि फेऱ्याच फेऱ्या विणत खाली यायचं. टाके वाढवत वाढवत खांद्यांवर एक गोल झालर तयार होते, तिला योक म्हणतात. नक्षी या योकवर असते. योक बगलेपर्यंत आला की बाह्यांचे टाके दोऱ्यावर ओवून बाजूला ठेवायचे, अंग विणून संपवायचं, मग एकेक बाही उतरवायची. शिवण कुठेच नाही. गोल विणताना सुलट बाजू सतत आपल्यासमोर राहते, त्यामुळे उलट टाके फक्त रिबपुरते (रिब म्हणजे सुलट-उलट आलटून पालटून विणलेली लवचीक पट्टी).

खरा फायदा वेगळाच आहे. केव्हाही टाके दोऱ्यावर घेऊन स्वेटर डोक्यातून घालून बघता येतो. लांबी कमी वाटली तर विणत राहा, जास्त झाली तर दहा फेऱ्या उसवा.

३. याला फेअर आयल म्हणायचं का?

म्हणतात खरं सगळे. फेअर आयल हे स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यामधलं छोटंसं बेट. तिथल्या विणकामाचा नियम असा की रंग कितीही असोत, एका फेरीत दोनच. १९२२ साली त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना तिथला स्वेटर घातला आणि मग सगळ्यांनाच तो हवासा झाला.

गळ्याभोवती गोल नक्षी मात्र त्या बेटाची खासियत नाही. आइसलंडचा गोल योकचा लोपापेयसा स्वेटर विसाव्या शतकाच्या मध्यात रुळला. तो जाड लोकरीचा असतो आणि बहुधा खालून वर विणतात. बारीक लोकरीच्या योकचा कळस स्वीडनच्या बोहुस स्टिकनिंग या विणकाम संस्थेने गाठला. एमा याकोबसन यांनी १९३९ मध्ये, बोहुसलान भागातल्या दगडखाणींचं काम बसल्यावर तिथल्या बायकांना रोजगार मिळावा म्हणून ती सुरू केली आणि १९६९ मध्ये ती बंद झाली. त्यांच्या नक्षीत मध्येच उलट टाके येतात, त्यामुळे दोन रंग एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात. मला विचाराल तर आपण विणतो ते फेअर आयलपेक्षा या बोहुसच्या जवळचं आहे.

४. बारीक लोकर म्हणजे किती बारीक? दुकानात काय मागू?

‘तीन पदरी द्या’ असं मागून काम भागत नाही, कारण एकाची तीन पदरी दुसऱ्याच्या दोन पदरीइतकी निघते. लेबलवरचे मीटर बघा. १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर धागा असेल तर ती आपल्या कामाची.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. शंका असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक मणी राहतो. ॲक्रिलिक वाईट नाही, लहान मुलांच्या रोज धुवायच्या कपड्यांना तेच बरं. पण रंगीत नक्षीसाठी खऱ्या लोकरीला तोड नाही. तिच्या तंतूवर खवले असतात, त्यामुळे मागचे धागे एकमेकांना धरून राहतात आणि धुतल्यावर टाके सारखे होतात. ॲक्रिलिकचा टाका जसा विणला तसाच वेडावाकडा राहतो.

लेबलवर ‘सुपरवॉश’ असेल तर ते खवले काढून टाकलेले किंवा झाकलेले असतात. अशी लोकर मऊ लागते, पण ओली झाली की पसरते. नमुना, म्हणजे आधी विणून बघायचा छोटा तुकडा, धुतल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नका (प्रश्न ७).

५. एकूण लोकर किती लागेल?

३८ इंच छाती, पूर्ण बाह्या: सगळे रंग मिळून १२०० ते १५०० मीटर. यात नक्षीचे रंग ५० ते १०० ग्रॅम पुरतात. मुख्य रंग एकदम आणि एकाच लॉटचा घ्या. लेबलवर लॉट नंबर असतो, तो जुळवून बघा. ठाण्यातल्या एका दुकानात मला ‘तोच रंग आहे हो, डोळे झाकून घ्या’ असं सांगून शेवटचे दोन गुंडे दिले. मीही डोळे झाकले. त्या स्वेटरची डावी बाही आजही उन्हात वेगळी दिसते. वेगळा लॉट गळ्यात पडलाच तर दोन्ही गुंड्यांनी एकाआड एक फेरी विणत जा, फरक पसरून जातो.

६. पॅटर्नमध्ये सुई ३ नंबर लिहिलीय, माझ्याकडे आईच्या दहा नंबरच्या आहेत. चालतील?

पॅटर्न अमेरिकन असेल तर जाडीला चालतील, गंमत म्हणजे त्या तेवढ्याच जाडीच्या आहेत! आईच्या डब्यातल्या सुया जुन्या ब्रिटिश नंबरांच्या: दहा म्हणजे ३.२५ मिलिमीटर, अकरा म्हणजे ३, बारा म्हणजे २.७५. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन नंबर बरोबर उलटे, तिथे ३ नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर आणि १० म्हणजे चक्क ६. म्हणून नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

या स्वेटरला साधारण २.७५ ते ३.२५ ची गोल सुई (लवचीक दोरीने जोडलेली दोन टोकं) लागेल. गळ्यासाठी ४० सेंटिमीटर लांबीची, अंगासाठी ८० ची. मॅजिक लूप, म्हणजे लांब सुईची जास्तीची दोरी मधून बाहेर काढून लहान घेर विणणं, येत असेल तर ८० च्या एकीवर सगळं भागतं.

७. नमुना विणायलाच हवा का? मला कंटाळा येतो.

हवा. गणित बघा. अंगाचे २८८ टाके आहेत. १० सेंटिमीटरला २८ बसले तर घेर जवळजवळ १०३ सेंटिमीटर. हात जरासा घट्ट पडून ३० बसले तर ९६. छातीच ३८ इंच, म्हणजे साडेशहाण्णव. दोन टाक्यांनी सैलसर स्वेटरचा बनियन होतो.

नमुना गोल विणा. सपाट विणताना अर्ध्या ओळी उलट असतात आणि पुष्कळांचा उलट टाका सुलटपेक्षा ढिला पडतो. गोल सुईवर पन्नासेक टाके घ्या, ओळ संपली की न वळवता सगळे टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, धागा मागून सैल ओढून आणा आणि पुन्हा सुलटच विणा. मागे लोंबणारे धागे कापून टाका, नमुनाच आहे तो. नक्षी घेऊन विणा, कारण दोन धाग्यांचं विणकाम एका धाग्यापेक्षा घट्ट येतं. मग कोमट पाण्यात भिजवून, पिळून न घेता दाबून, सपाट वाळवा. मापायचं वाळल्यावर, आणि मधल्या भागात, कडेला नाही.

८. गळ्याशी टाके किती घालायचे आणि कुठे वाढवायचे? पॅटर्नशिवाय जमेल?

जमेल. मी तर म्हणेन एकदा तरी पॅटर्नशिवाय करा. हिशेब खालून वर मांडायचा आणि विणायचं वरून खाली.

अंग २८८ टाके. दंडाचा घेर ३४ सेंटिमीटर, म्हणजे बाही ९६. प्रत्येक बगलेत १८ टाके नव्याने घातले जातात आणि ते अंग व बाही दोघांत मोजले जातात. तेव्हा योकच्या शेवटी सुईवर पाठ १२६, बाही ७८, पोट १२६, बाही ७८, एकूण ४०८.

आता मागे जाऊ. ४०८ चे तीन चतुर्थांश ३०६. ३०६ चे दोन तृतीयांश २०४. २०४ चे दोन तृतीयांश १३६. झाले गळ्याचे टाके! १३६ म्हणजे साधारण साडेअठ्ठेचाळीस सेंटिमीटर, वर रिब बारीक सुईची, म्हणजे गळा नीट बसतो. टाके सैल घाला, डोकं त्यातूनच जायचं आहे. मी जाड सुईवर घालते आणि पहिल्या फेरीत बारीक सुईवर येते.

योकची खोली २१ सेंटिमीटर धरली आणि १० सेंटिमीटरला ३२ फेऱ्या असतील, तर सुमारे ६७ फेऱ्या होतात. रिब संपल्याबरोबर पहिली वाढ, दर २ टाक्यांनी एक, १३६ चे २०४. सतराव्या फेरीला दुसरी, पुन्हा दर २ टाक्यांनी एक, ३०६. चौतिसाव्या फेरीला तिसरी, दर ३ टाक्यांनी एक, ४०८. त्यापुढे वाढ नाही. म्हणजे खालच्या ३३ फेऱ्या सरळ आहेत, मोठी नक्षी तिथेच बसवा. वरच्या दोन पट्ट्यांत छोटे ठिपके, तिरके चौकोन, कोयरीची टोकं.

वाढीची फेरी नेहमी एकाच रंगाची ठेवा. दोन टाक्यांमधली आडवी दोरी उचलायची, पीळ देऊन विणायची. पीळ विसरलात तर भोक पडतं.

९. माझी नक्षी ८ टाक्यांची आहे. ३०६ ला आठाने भाग जात नाही. आता?

जात नाहीच, आणि ही अडचण हमखास ३०६ लाच येते. २०४ मध्ये ४, ६, १२ ची नक्षी बसते. ४०८ मध्ये ६, ८, १२, २४ ची. ३०६ मात्र ६, ९ किंवा १८ चीच घेतो. उपाय सोपा: दुसऱ्या वाढीच्या फेरीत दोन वाढी गाळा, ३०४ होतात, आठाची नक्षी ३८ वेळा बसते. तिसऱ्या वाढीच्या फेरीत त्या दोन भरून काढा. दोन टाके म्हणजे पाऊण सेंटिमीटरसुद्धा नाही, अंगावर कोणाला कळत नाही.

नक्षी दोन-तीन टाक्यांनी न बसवता ‘पाठीमागे लपवू’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच भेटल्या. लोकलमध्ये तुमच्या मागे उभी असलेली बाई तेवढंच बघते.

१०. रंग कसे निवडू? दुकानात छान दिसलेले विणल्यावर मेले.

कारण दुकानात आपण रंग बघतो, विणल्यावर दिसतो तो उजेड-अंधार. गुंडे शेजारी ठेवा, फोनने फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. दोन्ही सारखेच करडे आले तर नक्षी बुडणार. मी एकदा मोरपंखीवर राणी रंगाच्या कैऱ्या काढल्या होत्या. साडीत हे दोन रंग भांडतात आणि शोभतात. टाका मात्र तीन-साडेतीन मिलिमीटरचा, त्यात भांडायला जागाच नसते. चार हातांवरून सगळं जांभळट चिखल दिसायचं. फोटो काढला तर दोन्ही एकाच राखेचे. राणीच्या जागी फिकट अबोली घेतली आणि कैऱ्या उठून आल्या.

लाल, मरून, गडद निळा घेणार असाल तर विणण्याआधी धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवा. रुमाल रंगला तर तो रंग पांढऱ्याशेजारी नको.

११. दोन धागे हातात कसे धरायचे? सारखा गुंता होतो.

एक उजव्या हातात, एक डाव्या. उजवा धागा नेहमीसारखा गुंडाळून विणायचा, डावा सुईच्या टोकाने ओढून घ्यायचा. पहिले चार दिवस डावा हात परक्याचा वाटतो, मग वाटत नाही.

महत्त्वाचं म्हणजे कोणता रंग कुठल्या हातात, हे शेवटपर्यंत बदलायचं नाही. मागे जो धागा दुसऱ्याच्या खालून जातो त्याचे टाके किंचित मोठे येतात आणि तो रंग पुढे उठतो. असं धरल्यावर खालून जाणारा धागा डाव्या हातातला असतो. तेव्हा नक्षीचा रंग डावीकडे, जमिनीचा (नक्षीमागचा) उजवीकडे. मध्येच चहाला उठलात आणि आल्यावर हात बदलले तर ती फेरी कायमची ओळखू येते.

१२. नक्षी आवळून सुरकुत्या पडतात. माझा हात एवढाही घट्ट नाही.

स्वेटर उलटा करून बघा. आजार मागे असतो, पुढे फक्त त्याची लक्षणं दिसतात. मागून जाणारा धागा सरळ ताणलेला दिसला तर तोच गुन्हेगार. तो अगदी थोडा झोळ घेऊन गेला पाहिजे, पण बोट अडकेल इतका नाही.

सवय एकच लावा. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे नुकतेच विणलेले टाके बोटांनी पसरवा, मग नवा रंग घ्या. टाके सुईवर दाटीने गोळा झालेले असताना धागा ओढला की तो आखूडच पडणार. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ सुरकुत्या एवढ्याने जातात. उरलेली दहावी बाहीवरची असते, तिचं प्रश्न १४ मध्ये.

१३. किती टाक्यांनंतर मागचा धागा अडकवायचा?

आपल्या मापाला ७ टाके म्हणजे अडीच सेंटिमीटर. तिथपर्यंत खऱ्या लोकरीत अडकवायची गरज नाही. त्याहून लांब असेल तर मध्यावर एकदा, चालू धाग्याला वेढा देऊन. प्रत्येक फेरीत त्याच टाक्यावर अडकवू नका, समोरून एक उभी सावली दिसते. गडद धागा फिकट जमिनीमागे अडकवला तरी तो डोकावतो, त्यामुळे तिथे जमेल तितकं न अडकवलेलंच बरं. बाहीत मात्र अंगठी आणि बांगडी अडकते, तेव्हा तिथे पाच टाक्यांनाच अडकवा.

१४. अंग छान झालं, बाहीवरची नक्षी मात्र हातात जाईना.

घेर लहान झाला की मागचे धागे आतल्या बाजूने आणखी जवळचा रस्ता शोधतात. दोन उपाय आहेत. पाव मिलिमीटर जाड सुई घ्या. किंवा बाही उलटी करून विणा: उलट बाजू बाहेर, सुलट बाजू आत, आणि आपण पलीकडच्या कडेवर विणायचं. धागे आता बाहेरच्या मोठ्या घेरावरून जातात, आखूड पडत नाहीत. इंजिनीअर काकांनी हे पहिल्यांदा केलं तेव्हा त्यांना स्वेटरपेक्षा भूमितीचाच आनंद जास्त झाला होता.

१५. समोरचा गळा हनुवटीला टोचतो आणि पाठ मागे ओढल्यासारखी वाटते.

मान पुढे झुकलेली असते, म्हणून पाठ पुढच्यापेक्षा अडीच-तीन सेंटिमीटर उंच हवी. गोल फेऱ्या दोन्हीकडे सारख्याच वाढतात. तेव्हा पहिली वाढ झाल्यावर आणि नक्षी सुरू व्हायच्या आधी पाठीकडच्या भागात अर्धवट ओळी घाला. चार वेळा जाऊन-येऊन आठ ओळी झाल्या की अडीच सेंटिमीटर मिळतात. प्रत्येक वळण आधीच्यापेक्षा सात-आठ टाके पुढे.

वळणावर भोक पडू नये म्हणून जर्मन पद्धत घ्या. वळा, धागा पुढे आणा, पहिला टाका न विणता उजव्या सुईवर घ्या आणि धागा सुईवरून मागे जोरात ओढा. टाका उताणा होतो आणि सुईवर त्याचे दोन पाय दिसतात. पुढच्या वेळी ते दोन्ही पाय एकत्र विणा, एक टाका म्हणून. मोजताना तो दोन समजू नका, नाहीतर ‘ताई, दोन टाके जास्त झाले’ असा फोन येतो.

योक विणून झालाय आणि आता कळलं? तर या ओळी योकच्या तळाशी, बाह्या वेगळ्या करण्याआधी, पाठीवर घालता येतात. वरच्याइतकं छान बसत नाही, पण सुधारतं.

१६. बगलेत भोकं राहतात.

राहणारच. बाहीचे ७८ टाके सुईवर घ्या, बगलेतून १८ उचला, आणि दोन्ही कोपऱ्यांत एकेक टाका जास्तीचा उचला. पुढच्या फेरीत तो शेजारच्या टाक्याबरोबर जोडून टाका. तरीही राहिलं तर शेवटी धाग्याच्या शेपटीने आतून शिवा. त्यासाठी शेपटी वीतभर ठेवा.

१७. छातीवर एकच कमळ हवंय. त्यासाठी दुसरा धागा पूर्ण फेरी ओढत नेऊ?

नको. अस्सल पैठणीचा पदर उलटून बघा. मागची बाजू पुढच्यासारखीच असते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्यापुरताच जातो आणि शेजारच्यात गुंतून परत फिरतो. विणकामात तसंच करण्याला इंटार्शिया म्हणतात. पण तो गोल विणताना फसतो: फेरी पूर्ण करून तुम्ही पुन्हा कमळाच्या सुरुवातीला येता आणि धागा असतो कमळाच्या शेवटाला.

म्हणून कमळाची जागा साधी विणून घ्या आणि नंतर बोथट सुईने, टाक्याच्या इंग्रजी व्ही आकारावरूनच दुसऱ्या रंगाचा धागा फिरवत भरा. भरतकाम येणाऱ्या बायकांना हे दहा मिनिटांत जमतं. एका मोठ्या कमळाला ठीक, सगळ्या योकवर असं केलंत तर तो चिलखतासारखा कडक होतो.

१८. दहा फेऱ्या खाली एक टाका चुकीच्या रंगाचा आहे. उसवू?

एकच असेल तर प्रश्न १७ मधलंच भरकाम त्या टाक्यावर करा. आख्ख्या फेरीची नक्षी एका टाक्याने सरकली असेल तर उसवा. रात्री अकरानंतर उसवायला घेऊ नका.

१९. किती दिवस लागतील?

सत्तर-ऐंशी हजार टाके असतात. मिनिटाला वीस-पंचवीस धरले तर साठेक तास. ठाणे ते वाशी रोज जात असाल तर जाता-येता मिळून तास जातोच. गोल सुईचं कोपर शेजारणीला लागत नाही. फक्त अंगाचा साधा भाग गाडीत आणि योक घरी, असं वाटून घ्या. ऐरोलीला गर्दी चढते तेव्हा कोणता रंग कुठल्या हातात होता ते आठवत नाही.

२०. समोरून उघडा, बटणांचा हवा आहे. सपाट विणू का?

उलट ओळीत दोन रंग सांभाळणं म्हणजे डोळे बांधून रांगोळी काढणं. त्यापेक्षा गोलच विणा आणि नंतर समोरून कापा! होय, कात्रीने. शेटलंडमध्ये हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, त्याला स्टीक म्हणतात. सुरुवातीलाच समोर मधोमध ७ टाके जास्तीचे घाला. म्हणजे १३६ ऐवजी १४३. हे सात नक्षीत आणि वाढीत मोजायचे नाहीत, दोन्ही रंगांनी एकाआड एक विणायचे. सगळं झाल्यावर मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना क्रोशाने किंवा शिलाई मशीनने टीप घाला आणि मधला टाका वरपासून खालपर्यंत कापा.

खवल्यांच्या खऱ्या लोकरीला क्रोशाची टीप पुरते. सुपरवॉश आणि ॲक्रिलिक सुळसुळीत असतात, त्यांना मशीनच हवी, तीही बारीक टाक्याची आणि दोन वेळा. पहिल्यांदा कापणार असाल तर प्रश्न ७ मधल्या नमुन्यावर कापून बघा. माझा हात पहिल्या वेळी इतका थरथरला की कात्री शेजारणीच्या हातात दिली.

२१. पावसाळ्यात धुतला तर चार दिवस वाळत नाही, वास येतो.

पावसाळ्यात धुऊच नका, हे पहिलं उत्तर. स्वेटर नेमका जुलैत संपला असेल तर भिजवून, टॉवेलमध्ये गुंडाळी करून तिच्यावर चक्क उभे राहा. दोन टॉवेल बदलून पाणी काढलंत की निम्मं काम झालं. मग कपड्यांचा स्टँड आडवा उघडून त्यावर जुनी मच्छरदाणी ताणा आणि स्वेटर सपाट पसरा. खालून-वरून वारा लागतो. पंखा चालू, आणि एसी असेल तर ड्राय मोडवर. दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने गुडघ्यापर्यंत येईल.

ठेवताना धुऊनच ठेवा. घाम आणि आमटीचे डाग असलेली लोकर किड्यांना जास्त आवडते. हवाबंद पिशवीत घालून ठेवा. कडुनिंबाचा वाळलेला पाला आजीने घातला म्हणून मीही घालते, पण भरवसा पिशवीवर आहे. डांबराच्या गोळ्या घातल्याच तर लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा.

२२. आईचा जुना स्वेटर उसवून तीच लोकर नक्षीसाठी वापरता येईल?

हाताने विणलेला असेल तर नक्की. आधी शिवणी शोधून फक्त शिवणीचा धागा कापा, मग जिथे टाके बंद केलेत तिथून उसवायला घ्या. धागा कुरळा निघेल. त्याची खुर्चीच्या पाठीवर लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून वाळवा. बराचसा सरळ होतो. जाडी नव्या लोकरीशी जुळते का ते नमुन्यात बघा, आणि कोपरांकडचा झिजलेला धागा बाजूला काढा.

बाजारातून घेतलेला स्वेटर आतून उलटा करा. शिवणीला कापून ओव्हरलॉक केलेलं दिसलं तर तो उसवत नाही, दर ओळीला तुटलेले तुकडेच हातात येतात.

मागच्या महिन्यात नेरूळहून एक जण असाच आईचा बाटलीहिरवा स्वेटर घेऊन आली होती. बगलेत आईने दुसऱ्याच हिरव्याने रफू केलेलं होतं. तेवढा वीतभर धागा वेगळा गुंडाळून ठेवला आणि तिच्या योकच्या पहिल्या पट्टीत, डाव्या खांद्याजवळ, सात ठिपक्यांना पुरला.